वायपरची खांदशेकणी

मित्रांनो, मी वायपरची पाती. लांबी अठरा इंच, अंग रबराचं, कणा पत्र्याचा. जीपच्या पुढच्या काचेवर, ड्रायव्हरच्या अगदी नाकासमोर माझी जागा. माझ्या शेजारी एक जोडीदारीण असते, पण तिचं फार मनावर घेऊ नका. तिच्या मागे बसणारा माणूस एक तर झोपतो, नाहीतर शेंगा फोडतो. माझ्या मागे बसतो त्याला मात्र रस्ता दिसावाच लागतो. म्हणून मान माझा मोठा. माझं मीच सांगते, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

माझं वय चार वर्षं. हसू नका. आमच्या जातीत एक पावसाळा नीट काढला ती गुणाची, दोन काढले ती म्हातारी. चार वर्षं काचेवर राहिली ती टिकली म्हणून राहिलेली नसते. तिला बदलायचं सगळे विसरलेले असतात म्हणून राहिलेली असते.

कोणत्या कारखान्यात जन्मले ते मला ठाऊक नाही आणि ठाऊक असल्याचा आव मी आणणार नाही. शहाणपण आलं ते आर्णीला, बसस्टँडच्या मागच्या पार्टच्या दुकानात. मालक मंदारभाऊ. त्यांचे वडील कचेरीत होते, भाऊ बँकेत. हेच एक नटबोल्टात रमले. त्यांनी मला पुठ्ठ्याच्या पाकिटात खिळ्याला टांगलं होतं. फुलसावंगीकडच्या टेकडीवरच्या तांड्यातून खेमसिंग आला, त्याने मला खाली उतरवलं.

खेमसिंगच्या पणजोबांच्या काळी त्यांच्या घरचे लोक बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून गावोगाव न्यायचे. बैल गेले, शेती आली. शेतीबरोबर जीप आली. आता खेमसिंग माणसं लादतो. सकाळी तांड्यातली शाळेची मुलं, दुपारी बाजारची बाया-माणसं.

"जोडी चारशे वीस," मंदारभाऊ म्हणाले.

"तीनशे ऐंशी द्या. नेहमीचा गिऱ्हाईक हाय."

"नेहमीचा? तुम्ही मागच्या वर्षी बल्ब घेतला होता, एक."

"तोच नेहमी पेटून राह्यला ना."

तीनशे ऐंशीला सौदा झाला. मंदारभाऊंनी मला हातात धरून सांगितलं, "हे पाहा, रबर वाळलं की काही कामाचं नाही. दरसाल पावसाळ्याआधी बदलत जा. उन्हात गाडी उभी केली की पाती उचलून ठेवा. काचेला तेलकट काही लागू देऊ नका." खेमसिंगने मान हलवली. मला तेव्हा वाटलं, किती समजूतदार माणूस. मी नवीन होते ना.

पहिलं वर्ष माझं राणीसारखं गेलं. आभाळ फाटून पडलं तरी मी एका फटक्यात काच कोरडी करायची. महागावच्या रस्त्यावर एकदा समोरचं काही दिसू नये असा पाऊस आला. बाकीच्या गाड्या कडेला थांबल्या, आमची चालत राहिली. खेमसिंग म्हणाला, "काच हाय का नाही, समजूनच नाही राह्यलं." चार वर्षांत माझं झालेलं कौतुक ते एवढंच. मी ते अजून जपून ठेवलं आहे.

मग आला मे महिना. आपल्या जिल्ह्यातलं ऊन तुम्हाला मी काय सांगावं! काच तव्यासारखी तापायची आणि मला दिवसभर तिच्यावर चिकटवून ठेवलेलं. नुसतं उचलून उभं केलं असतं तरी चाललं असतं, दोन बोटांचं काम. ती दोन बोटं खेमसिंगला मिळाली नाहीत. शिवाय सोयाबीनच्या काढणीची धूळ काचेवर बसली की पाणी न टाकता मला तशीच कोरडी फिरवायचा. किर्रर्र. काचेवर कमानीसारखे ओरखडे पडले आणि माझ्या ओठाला चिरा.

दुसऱ्या पावसाळ्यात मी काचेवर दोन रेघा सोडू लागले, तिसऱ्यात सहा. चौथ्यात रेघा मोजण्यात अर्थ उरला नव्हता.

खेमसिंगने काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. खोटं बोलायची मला सवय नाही. त्याने मला बदलायचा विचार केला, पुष्कळदा केला. फुलसावंगीला विचारलं, तिथे दुकान मोटारसायकलींचं. ढाणकीला एक पाती मिळाली, पण ती बावीस इंची. लावली तर काचेच्या चौकटीवर जाऊन आपटायला लागली. मग फोनवर मागवायचं ठरलं. त्याची मुलगी खुशी, सहावीतली, कंपासपेटीतली पट्टी घेऊन बॉनेटवर चढली आणि तिने मला मोजलं. "बापू, पंधराच्या तीन पट्ट्या आन् वर थोडंसं. म्हंजे अठरा इंच. आन् हे मागचं हूक पाय, वाकडं हाय. तसंच पाह्यजे." बापूने फोटो पाहिला, दोनशे एकोणपन्नास रुपये पाहिले, बोट दाबलं. पार्सल आलं. लांबी बरोबर, हूक भलतंच. ते परत गेलं आणि पाती बदलायचा विषयही त्याच्याबरोबर गेला.

शेवटी आर्णीला विचारलं तर मंदारभाऊ म्हणाले, "आता जोडी साडेचारशे. एकच घ्याल तर दोनशे चाळीस. पत्रा चांगला असेल तर नुसतं रबर घाला, ऐंशी रुपये, मीच बसवून देतो."

नीट ऐका मित्रांनो. ऐंशी रुपये.

"पुढच्या हप्त्यात येतो," खेमसिंग म्हणाला आणि त्याच दुकानातून बाराशे रुपयांचा गाणं म्हणणारा हॉर्न घेऊन निघाला. हॉर्न सगळ्या तांड्याला ऐकू जातो. पाती कोणाला दिसते?

आता खेमसिंगच्या आईबद्दल सांगते. तिचं नाव जमनी, सगळे जमनाबाई म्हणतात, घरचे याडी, म्हणजे आई, म्हणतात. अंगाने काटकी, शब्दाने त्याहून काटकी. तिने आयुष्यभर बैलांची निगा राखली. तीन वर्षांपूर्वी शेवटची जोडी विकली तेव्हा ती दोन दिवस जेवली नाही, असं तिची सून संगीता सांगते. तेव्हापासून पोळ्याला बैल उभे करतात त्या तोरणाखाली या घरचं कोणी नसायचं. यंदा जमनाबाईने फर्मान काढलं, "जीप न्या."

तुम्हाला माहीतच आहे, पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी करतात. वर्षभर जू ओढून दुखावलेल्या खांद्याला हळद आणि तूप चोळतात, पळसाच्या पानाने शेकतात आणि त्याला जेवणाचं आमंत्रण देतात. त्या संध्याकाळी जमनाबाई वाटीभर तूप घेऊन जीपपाशी आली.

"याडी, हे काय करून राह्यली?" संगीताने विचारलं.

"हिचा खांदा शोधून राह्यली."

"जीपले कुठचा खांदा?"

"हे काय दोन हात वर करून असतात, इथंच असन खांदा." आणि तिने माझ्या दांड्याला हात घातला. मग तिचं बोट माझ्या रबरावर आलं. चिरा लागल्या. ती थांबली.

"पाय वं संगीता, माह्या टाचेवानी फाटली बिचारी. कोणाचं ध्यान नाही हिच्याकडं."

तिने बोटभर तूप घेतलं आणि माझ्या एकेका चिरेत भरलं. वरून हळद. मग काचेवरही हात फिरवला, बैलाच्या कपाळावर फिरवावा तसा. पळसाचं पान तापवून माझ्या अंगाला टेकवलं आणि हळूच म्हणाली, "आज आवतन घे माय, उद्या जेवाले ये."

मित्रांनो, मंदारभाऊंनी सांगितलेलं मला सगळं आठवत होतं. तेलकट काही लागू देऊ नका. पण चार वर्षांत मला कोणी थकलीस का म्हणून हात लावला नव्हता. मला फार बरं वाटलं. आजही त्याची मला लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी पोळा. जीपच्या अंगावर झूल, आरशाला घुंगरू, चांगलं ऊन पडलेलं. तूप त्या उन्हात काचेत जिरत गेलं आणि माझ्यातही. संध्याकाळी खेमसिंगने पेपरच्या कागदाने काच घासली. ती इतकी चकचकली की तो आपल्याच चेहऱ्याकडे पाहून हसला. मला कोणी घासलं नाही.

तिसरा दिवस तान्ह्या पोळ्याचा. लाकडी बैल सजवून मुलं फुलसावंगीला जाणार होती. सगळ्यात चांगल्या बैलाला बक्षीस होतं. दुपारी दोन वाजता नऊ मुलं जीपमध्ये चढली, प्रत्येकाच्या मांडीवर एक बैल. पुढे जमनाबाई, तिच्याजवळ खुशी. खुशीच्या बैलाला शिंगांच्या जागी दोन पेनांची टोपणं होती.

आम्ही टेकडी उतरलो आणि पाऊस सुरू झाला.

खेमसिंगने बटण दाबलं. मी एक फेरा मारला. काच पांढरी झाली.

थेंब नव्हेत, धुकं नव्हे. दूध सांडून पसरावं तशी. मी परत आले तर अजून पांढरी. मी जितकं पुसत होते तितकं माझ्यातलं तूप काचेवर जात होतं. खेमसिंगने पाण्याचा फवारा मारायचं बटण दाबलं. त्या बाटलीत दोन वर्षांपासून पाणी नव्हतं.

"बापू, मले काहीच दिसून नाही राह्यलं," खुशी म्हणाली.

"तुले कायले दिसाले पाह्यजे? गाडी तू चालवून राह्यली का?"

"मंग तुले दिसते का?"

खेमसिंगने काच आतून हाताने पुसली. मागे मुलं ओरडत होती, "काका, लवकर घ्या, नंबर जाईन!" त्याने गाडी कडेला घेतली, खाली उतरला, डबीतली तंबाखू पाण्यात चुरगळून काचेवर चोळली. आमच्याकडचे जुने ड्रायव्हर असं करतात; तंबाखूवरून पाणी चटकन ओघळतं. साध्या काचेवर ते चालतंही. इथे खाली तूप होतं. दहा-वीस हात आम्ही पुढे गेलो असू, काच आता पांढरी राहिली नव्हती, तपकिरी झाली होती.

तो मान खिडकीबाहेर काढून चालवू लागला. पाऊस त्याच्या डोळ्यांत जात होता. एक डोळा मिटून, एक उघडा ठेवून तो उताराने निघाला. पुढे नाला होता. नाल्यावर रपटा, म्हणजे ठेंगणा, कठडे नसलेला पूल.

मी काचेच्या बाहेर असते, मित्रांनो. आतल्या कोणाला दिसत नव्हतं ते मला दिसत होतं. रपट्यावरून पाणी चाललं होतं, फार नाही, वीतभर. पण मधोमध एका जागी ते सपाट वाहत नव्हतं. तिथे ते खाली वाकत होतं आणि गोल फिरत होतं. तिथे खाली सिमेंट नव्हतं.

मला तोंड नाही. मला दोनच गोष्टी येतात, इकडे जाणं आणि तिकडे जाणं. मी नाही-नाही म्हणत राहिले आणि आत बसलेल्यांना वाटलं, मी काच पुसते आहे.

"वीतभर पानी हाय," खेमसिंग मान बाहेर काढून म्हणाला. "निंगते आपली गाडी."

मग जमनाबाईने नाक वर केलं. ओल्या काचेवरून, गरम इंजिनावरून एक वास आत येत होता. तिने दोनदा हुंगलं. तिच्या घरच्या तुपाचा वास तिला कळणार नाही तर कोणाला? तिने माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच तिचा चेहरा मी उतरलेला पाहिला.

"थांब," ती म्हणाली.

"रपटा पार करून थांबतो, याडी. इथं उतार हाय."

"थांब म्हनलं ना!"

"पोट्ट्यायचा नंबर जाईन..."

"नंबर जाईन तं जाऊ दे. पोट्टे नाही जाले पाह्यजे."

खेमसिंगने ब्रेक दाबला. चाकं थोडी घसरली आणि पाण्याच्या काठाशी थांबली. जमनाबाईने दार उघडलं, पदर कमरेला खोचला, काठी घेतली आणि गाडीपुढे चालू लागली. तिच्या सासऱ्याकडचे लोक पाणी ओलांडताना बैलांच्या पुढे असंच माणूस पाठवायचे. ती काठी टेकवत गेली. टक. टक. टक. मी तिच्या काठीचा आवाज मोजत होते. आठव्या पावलाला आवाज आला नाही. काठी तिच्या मुठीपर्यंत आत गेली.

ती तशीच उभी राहिली. पाणी तिच्या पोटऱ्यांना ओढत होतं. मग तिने पाय उचलला, मागे ठेवला. दुसरा उचलला, मागे ठेवला. पाठ न फिरवता ती तशीच उलटी चालत आली आणि बॉनेटवर काठी आपटून म्हणाली, "मांगं घे. हळू घे. रपटा आर्धा गेला."

खेमसिंगने मान मागे वळवून गाडी हळूहळू उलटी चढवली.

वर सपाटीवर आल्यावर तो पायरीवर बसून राहिला. जमनाबाईचं लुगडं निथळत होतं. ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "तूप मी लावलं. ते माह्या डोक्यावर. पन फाटलेली पाती चार साल कोनं ठेवली, ते तू सांग." खुशीने आपला बैल घट्ट धरला होता. त्याचं एक टोपण कुठेतरी पडलं होतं आणि ती ते शोधतही नव्हती.

दुसऱ्या दिवशी जमनाबाई खेमसिंगला घेऊन स्वतः आर्णीला गेली. दुकानात स्टुलावर बसली, पाणी प्यायली, पाती हातात घेऊन वाकवून पाहिली.

"केवढ्याले?"

"जोडी साडेचारशे, आजी."

"आन् तो बोंबलणारा हॉर्न केवढ्याले दिला होता माह्या पोराले?"

मंदारभाऊंनी खेमसिंगकडे पाहिलं. खेमसिंगने छताकडे पाहिलं.

"बाराशे," मंदारभाऊ हळूच म्हणाले.

"मंग हे साडेचारशे घ्या. घासाघीस नाही करत. आन् काच कशानं धुवाची ते सांगा."

मंदारभाऊंनी सांगितलं. साबणाच्या पाण्याने दोनदा, मग कोऱ्या कपड्याने. पाती बसवण्याआधी काच धुवायची, नंतर नाही. नव्या दोघी बसल्या. काळ्या, मऊ, तोऱ्यात. मला काढून डिकीत टाकलं. मला वाईट वाटलं नाही. खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं. म्हटलं, आता भंगारात जाऊ, कुठेतरी वितळू.

पण तसं झालं नाही.

खेमसिंगचा चुलतभाऊ धरमसिंग पलीकडच्या तांड्यावर राहतो. त्याच्या जीपची दारं दोरीने बांधलेली असतात. तो आला, त्याने डिकीत पाहिलं.

"भिया, हे फेकून कायले देतं? माह्यी तं लोंबूनच गेली."

"तिले तूप लागलं हाय रे."

"तूपच ना? डांबर तं नाही. पुसून घेतो."

खेमसिंग क्षणभर थांबला. मी त्याच्याकडे पाहत होते. रपट्यावरून गाडी मागे घेणारा तोच हात त्याने माझ्याकडे नेला, मला उचललं आणि हसत धरमसिंगला दिलं. "ने मंग. तुहे दोनशे चाळीस वाचले."

जमनाबाई तेव्हा तुरीत निंदायला गेली होती. घरी असती तर दोघांच्या पाठीत काठी बसली असती. ती घरी नव्हती.

धरमसिंगने मला शर्टाच्या बाहीने पुसलं, एकदा, आणि आपल्या गाडीवर चढवलं. हूक नीट बसत नव्हतं, म्हणून तारेने बांधलं. तेव्हापासून मी इथे आहे. चिरांमधलं तूप अजून निघालेलं नाही. उन्हाने ते आणखी आत गेलं आहे.

मित्रांनो, तुम्ही मोठे नाही, तुमच्या हातात गाडी नाही, खिशात साडेचारशे नाहीत. पण बोट आहे. शाळेच्या गाडीत चढण्याआधी ते एकदा माझ्यासारखीच्या ओठावरून फिरवा. खरखर लागली, चीर लागली, चिकट लागलं, तर दारातच उभे राहा आणि म्हणा, "काका, रबर ऐंशी रुपयांना मिळतं. ते घाला, मग आम्ही बसतो." काका रागावतील. रागावू द्या. उद्धट म्हणतील. म्हणू द्या. पण चढू नका.

हे मी इथल्या मुलांनाही सांगितलं असतं, पण त्यांना माझं बोलणं ऐकू जात नाही. अकरा आहेत, सगळी ढाणकीच्या शाळेतली. आता एकेक करून चढताहेत. सगळ्यात लहानगीला धरमसिंगने उचलून पुढे, माझ्या काचेमागे बसवलं आहे. तिने मला हात केला. पश्चिमेकडून आभाळ काळं होत येतंय आणि वाटेत दोन नाले आहेत. गाडी सुरू झाली. मागे मुलं तेराचा पाढा म्हणू लागली आहेत. काचेवर पहिला थेंब पडला, मग दुसरा, आणि धरमसिंगचा हात बटणाकडे चालला आहे.